विहीणबाईंचं पावसाचं घर

विहीणबाई, काल तुमचा तेरावा झाला. पानं उठली, भटजी गेले. तुमची निम्मी माणसं देवासच्या थोरल्या पातीतून आणि निम्मी धाकट्या पातीतून आली होती, ती आपापल्या बाजूला परतली. मी माजघराच्या उंबऱ्याशी बसले आहे. थकले हो. रडून नव्हे, रडायला कुणी फुरसतच दिली नाही. येणाऱ्या प्रत्येकीला ‘फार चांगल्या होत्या हो’ म्हणून म्हणून थकले. चांगल्या कसल्या? हट्टी होतात, आणि एका बाबतीत माझ्याशी धडधडीत खोटं वागलात. ते मी आजवर कुणापाशी बोलले नाही. आज तुमच्याशीच बोलते.

समोर, देवघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या बोळीत, ते पावसाचं घर अजून टांगलेलं आहे. माझ्या गोदूच्या लग्नात आम्ही रुखवतावर मांडलं होतं तेच. आमच्याकडचे धार दरबारच्या कामासाठी मुंबईला गेले होते, तिथून छातीशी धरून घेऊन आले. वीतभर लाकडी घर, त्याला दोन दारं; एका दारात छत्री घेतलेला म्हातारा, दुसऱ्यात फुलांची टोपली घेतलेली बाई. दोघं एकाच दांडीवर बसवलेली. हवा ओली झाली की म्हातारा बाहेर, कोरडी झाली की बाई बाहेर. साहेबलोक हे पाहिल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाहीत असं दुकानदारानं यांना सांगितलं होतं. यांना ते पटलं. दुकानदारानं सांगितलेलं यांना नेहमीच पटे.

रुखवत पाहायला तुम्ही आलात तेव्हा मी लाडवांच्या पराती पुढे सरकवल्या. वरमाई तुम्ही, त्यातून देवासच्या थोरल्या पातीतलं घराणं. लाडवांच्या परातींकडे तुम्ही ढुंकून पाहिलं नाही. त्या घरापुढे उभ्या राहिलात, बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, ‘अगंबाई, हे तर आमचं देवासच! एक गाव, दोन गाद्या, आणि एक बाहेर आली की दुसरीनं आत जायचं.’ सगळा मांडव हसला. माझा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून तुमच्या घरी म्हातारा म्हणजे थोरली पाती आणि बाई म्हणजे धाकटी पाती झाली, आणि गोदूच्या प्रत्येक निरोपात आज कोणती पाती बाहेर आहे हे असायचंच.

पण एक गोष्ट मला तेव्हाही खटकली होती. गोदू दिवाळसणाला धारला आली तेव्हा सांगत होती की तुमचा इंदूरला शिकणारा भाचा आला, त्यानं ते घर मागून उघडलं आणि म्हणाला, मावशी, ज्या तारेवर ही बाहुली फिरते ती तार नाही, जनावराचं आतडं आहे. ओल धरली की सैल पडतं, वाळलं की आवळतं. देवघराच्या दारात आतडं! गोदूला वाटलं, आता माहेरची अब्रू गेली. तुम्ही कोण? अंगणात सोवळं वाळत घातलं तर कावळा शिवेल म्हणून घरात उंच दांडीवर, काठीनं वाळत घालणाऱ्या. पोरानं हात लावला म्हणून दुसऱ्यांदा आंघोळ करणाऱ्या. आणि तुम्ही म्हणालात म्हणे, ‘देवळातल्या मृदंगाला कातडं चालतं, मग याला का चालू नये? राहू दे तिथंच.’ मी ते ऐकून हात जोडले. सासू असावी तर अशी, असं चार जणींत सांगितलं. तुमच्यासारखी बाई एवढी सैल कशी पडली, हा विचार मात्र मनात राहून गेला.

मग आलं पहिलं बाळंतपण.

मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी. यात काही वाद आहे का? माझी एकुलती एक मुलगी. मी भादव्यातच खोली सारवून घेतली, बाज विणून घेतली, डिंक आणि अळीव आणून ठेवले. आश्विन लागला, पाऊस उघडला, तसा आमच्या विनायकाला बहिणीला आणायला दमणी घेऊन देवासला धाडलं. तो तिथं जाऊन बसला. रोज सकाळी बैल जुंपायचे, गोदू पदर घेऊन तयार व्हायची, आणि तुम्ही बोळीतून येऊन सांगायच्या, ‘आज नको, छत्रीवाला बाहेर आहे.’ आभाळात कापसाएवढा ढग नाही. आमचा गाडीवान मालवी माणूस, तो हात जोडून म्हणायचा, ‘माँसाब, बादला को नाम नी हे.’ तुम्ही त्याला म्हणायच्या, तुझ्यापेक्षा विलायतेला जास्त कळतं. विनायक शेवटी रिकामी गाडी घेऊन परत आला. त्या गाडीत मी घालून दिलेली गादी तशीच्या तशी गुंडाळलेली होती. ती पाहून मी काय बोलले ते तुमच्या कानावर गेलं नसेल तर बरंच.

राग नुसता तुमचा नव्हता, त्या खेळण्याचाही होता. कारण तसलंच दुसरं घर यांनी आमच्या ओसरीवर लावलं होतं, आणि त्याची सगळी अक्कल मी दोन पावसाळे पाहिली होती. पाऊस कौलांवर वाजायला लागला, वाळवण भिजलं, मी परडी डोक्यावर घेऊन पळाले, की मग आमचा म्हातारा सावकाश छत्री घेऊन बाहेर यायचा. उद्याचं त्याला काही कळत नव्हतं. आत्ताचं कळायचं, तेही उशिरा. कधी न्हाणीघरातून कढत पाण्याची वाफ ओसरीवर आली तरी तो बाहेर. हे म्हणायचे, यंत्र खरं आहे, तुम्हांला वाचता येत नाही. मी म्हणायचे, मिठाची बरणी मला एवढंच सांगते आणि तिला मुंबईहून आणावं लागत नाही. पण आमच्याकडे तो म्हातारा त्या आश्विनात एकदाही बाहेर आला नाही, आणि तुमच्याकडे रोज सकाळी. धार आणि देवास काही दोन मुलूख नाहीत. हे कोडं मला काही सुटेना.

म्हणून मी स्वतः निघाले. मुलीच्या सासरी, ती बाळंत व्हायच्या आधी, न बोलावता. लोक काय म्हणतील याचा विचार करायलाही मी थांबले नाही. वाटेत चंबळ लागली, बैलांच्या गुडघ्यालाही पाणी नव्हतं. इंदूरला मुक्काम केला. क्षिप्रा ओलांडली, तिच्या पात्रात पोरं खडे वेचत होती. प्रत्येक नदीपाशी माझा राग वाढत गेला.

तुम्ही दारात आलात, पाय धुवायला पाणी दिलंत, प्यायला तांब्या पुढे केलात. मी घेतला नाही. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नसतं, हे तुम्हांला ठाऊक होतं, पण मी ज्या तऱ्हेनं तांब्या सारला ते त्या रिवाजासाठी नव्हतं, आणि तेही तुम्हांला कळलं. गोदू भिंतीला टेकून उभी होती, पोटाशी हात धरून. मी तिच्याकडे न जाता सरळ बोळीत गेले. आणि उभीच राहिले.

वर दांडीवर तुमचं सोवळ्याचं लुगडं, नुकतंच पिळून टाकलेलं. त्याच्या काठावरून थेंब गळत होते, ते थेट त्या घराच्या कौलावर. बोळीला खिडकी नाही, एका बाजूला भाताची वाफ, वर ओलं लुगडं. म्हातारा बिचारा करणार काय? तो बाहेर येणारच. आषाढ असो नाहीतर वैशाख, तुमच्या घरी रोज सकाळी पाऊस होता, आणि तो पाऊस तुमच्याच लुगड्याचा होता.

मी ते घर खिळ्यावरून काढलं, अंगणात नेलं आणि तुळशीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवलं. तुम्ही पाठोपाठ आलात. दोघी कट्ट्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. ऊन चांगलं तापलं तेव्हा म्हातारा हळूहळू आत गेला आणि फुलांची टोपली घेऊन बाई दारात आली. मी म्हटलं, ‘बघा.’ मला वाटलं, तुम्ही आता ओशाळाल, म्हणाल की हे कसं लक्षात आलं नाही.

‘ठाऊक आहे मला,’ तुम्ही म्हणालात. ‘टांगलं त्या दिवसापासून ठाऊक आहे. म्हणून तर तिथं टांगलं.’

मग तुम्ही त्याच कट्ट्यावर बसलात आणि तुमच्या कृष्णीचं सांगितलंत. तुम्हांला एक मुलगी झाली होती आणि ती राहिली नाही, एवढंच आम्हांला सोयरीक जमवताना कळलं होतं. लहानपणी गेली असेल असं आम्ही धरून चाललो. ती लग्न होऊन कन्नौदला दिली होती हे मला त्या दिवशी कळलं. गौरींना माहेरी आली होती. परत जायचं म्हणून गाडी आली, तर ती म्हणत होती, आई, दोन दिवस राहते. तुम्ही दारात येऊन आभाळ पाहिलंत. निळंभोर होतं. तुम्ही म्हणालात, ऊन आहे तोवर नीघ, पुन्हा पाऊस लागला तर अडकशील. पाऊस इथं नव्हताच. तो वरच्या अंगाला, कुठल्या डोंगरात पडला होता कुणास ठाऊक. कालीसिंध नदीच्या उतारावर गाडी पात्रात मधोमध असताना पाणी आलं.

‘ऊन पाहून धाडली हो मी तिला,’ तुम्ही म्हणालात. तेवढं एकच वाक्य बोलताना तुमचा आवाज फाटला.

गोदू दारात उभी राहून ऐकत होती, तिलाही ते पहिल्यांदाच कळत होतं.

मग तुम्ही पदरानं ते घर पुसलंत आणि म्हणालात, ‘मी नको म्हटलं असतं तर गाव म्हणालं असतं, सासू माहेरी जाऊ देत नाही. तुम्हीही म्हणाला असता. लाकडाच्या म्हाताऱ्याला कोण काय म्हणणार?’

‘पण खोटं बोलतो हो तो,’ मी म्हटलं.

‘बोलू दे. पावसाचंच बोलतो ना? उन्हाचं खोटं बोलला नाही म्हणजे झालं.’

राग कुठं ठेवावा तेच मला कळेना. माझी खोली सारवलेली तशीच राहणार होती, बाज तशीच. मी म्हटलं, म्हणजे माझ्या मुलीचं पहिलं बाळंतपण मी करायचंच नाही? तर तुम्ही उठलात, कंबरेच्या किल्ल्या सोडल्यात आणि माझ्यापुढे ठेवल्यात. इथं करा, म्हणालात. घर तुमचं. कुठली वरमाई असं करते? मी त्या किल्ल्यांना हात लावला नाही, पण राहिले. तुमच्या घरचं पाणी चालत नाही म्हणून शेजारणीकडून कळशी आणवायची आणि मागच्या पडवीत माझ्यापुरता भात टाकायचा, असं करून राहिले. सगळी गल्ली बघायला यायची.

आणि गोदू अडली तेव्हा सोवळं-ओवळं बाजूला ठेवून तुम्ही बाळंतिणीच्या खोलीत शिरलात. मी पायाशी होते, सुईण होती, पण गोदूचं डोकं तुमच्या मांडीवर होतं. ती हात मारायची, ओरडायची, तुमचे केस ओढायची, तुम्ही हलला नाहीत. त्या दिवशी तुम्ही आंघोळ केली नाही, पूजेला बसला नाहीत, दांडीवर काही वाळत पडलं नाही. दिवेलागणीला मुलगी झाली. तिला सुपात घालून मी बाहेर आले तर बोळीत धाकटी पाती बाहेर उभी, टोपली घेऊन. मला तेवढ्यातही हसू आलं. तुम्ही तांब्याभर पाणी आणून दिलंत आणि मी ते उभ्या उभ्या प्यायले. एवढं गोड पाणी मी धारलाही कधी प्यायले नाही.

बारशाला मी कृष्णा नाव सुचवलं. तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, पुरे झाली नद्यांची नावं. आमच्या गोदावरीकडे पाहून तुम्ही ते म्हणालात आणि मग दोघी हसलो.

त्यानंतर इतकी वर्षं आपलं भांडण एकच. मी येत राहिले. तुमच्या घरचं पाणी चालायला लागल्यावर मला कोण अडवणार होतं? दर वेळी मी तेच म्हणायचे, त्या आश्विनात एक थेंब पडला नव्हता, बिलकुल नाही. मी स्वतः नद्या पाहिल्या होत्या. तुम्ही म्हणायच्या, नाही पडला म्हणून काय झालं, पडला असता तर? मी म्हणायचे, मग अशानं कुणी कधी उंबरा ओलांडूच नये. तुम्ही म्हणायच्या, नाहीच ओलांडत मी. आणि खरंच, गोदूच्या लग्नानंतर तुम्ही एकदाही धारला आला नाहीत. विनायकाच्या लग्नाला नाही, आमच्याकडचे गेले तेव्हाही नाही. दर वेळी छत्रीवाला. हे गेले त्या वेळी मात्र मला फार लागलं. मी दार उघडं ठेवून वाट पाहिली होती. ते तुम्हांला सांगायचं राहिलं.

आणखीही राहिलं. मी तुम्हांला त्या आश्विनाची माफी दिली की नाही, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मी बोलले नाही. खरं सांगू? दिली नाही. अजूनही त्या गुंडाळलेल्या गादीची आठवण झाली की मी हातातलं काम टाकून बसते. पण माझी लेक अडली होती तेव्हा तिचं डोकं ज्या मांडीवर होतं ती मांडीही तुमचीच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, विहीणबाई, आणि त्यांची वजावट होत नाही. मी पुष्कळदा करून पाहिली.

तुम्ही गेलात त्याचा निरोप आला तेव्हा मी त्याच पावली निघाले. आभाळ पाहिलं नाही. वाटभर चैत्राचं ऊन, नद्या आटलेल्या. घरात सुतक, देवपूजा बंद, सोवळं नाही, दांडी रिकामी. बोळीत फुलवाली सारखी बाहेर. इतके दिवस मी जाता येता पाहायचे, म्हातारा एकदाही बाहेर डोकावला नाही. गोदू तुमच्यासाठी जेवढी रडली तेवढी स्वतःच्या बापासाठी रडली नव्हती. मी पाहिलं आणि मला हेवा वाटला, तेही सांगून टाकते.

आज सकाळी मला निघायचं होतं. ठरलेलंच होतं. या वयात मुलीच्या घरी तेराव्यानंतर राहून करायचं काय? विनायक दारात गाडी जुंपून उभा. माझं गाठोडं बांधून झालेलं. देवाला नमस्कार करावा म्हणून मी बोळीत आले.

छत्रीवाला बाहेर होता.

मी वर पाहिलं. दांडीवर तुमचं सोवळ्याचं लुगडं. तेच, विटकं, जांभळ्या काठाचं. पहाटे धुऊन, नीट पिळून, काठीनं सारखं करून घातलेलं. काठावरून थेंब गळत होते, घराच्या कौलावर. बाहेर ऊन असं होतं की अंगणात पाय ठेववत नव्हता.

गोदू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचे केस आता कानांपाशी पांढरे झाले आहेत. हात ओले होते. ती माझ्याकडे पाहत नव्हती, त्या घराकडे पाहत होती. ‘आई,’ ती म्हणाली, ‘आज नको. छत्रीवाला बाहेर आहे.’

तुमचाच सूर, विहीणबाई. शब्दही तुमचेच.

मला म्हणायचं होतं की पोरी, मी तुझी आई आहे, हे नाटक मला ठाऊक आहे, मीच ते उन्हात नेऊन दाखवलं होतं. पण मी थकले होते. आणि माझ्या लेकीनं मला थांब म्हणायची ही पहिलीच वेळ होती.

मी दारात गेले आणि विनायकाला बैल सोडायला सांगितलं. तो आभाळाकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे.

‘पाऊस आहे,’ मी म्हटलं.